ब्लॅकमोर गेल्यानंतरचं डीप पर्पल : ऐकायचं की सोडून द्यायचं?

कुर्टीकर

गोव्यात रॉक ऐकणारी चार टाळकी जमली की डीप पर्पल या ब्रिटिश हार्ड रॉक बँडबद्दल एक वाक्य ठरलेलं असतं : "डीप पर्पल त्र्याण्णवलाच संपलं." गिटारवादक रिची ब्लॅकमोर दौरा अर्धवट टाकून निघून गेला, त्याच्याबरोबर बँडही गेला, पुढची तीस वर्षं नुसतं नावावर चाललंय, असा सूर. फोंड्यात गेल्या आठवड्यात परत हेच ऐकलं आणि राहवलं नाही, म्हणून हा धागा.

माझं मत सरळ सांगतो. १९९३ नंतरचं डीप पर्पल हा त्याच बँडचा दुसरा मोठा काळ आहे आणि आपण तो न ऐकताच निकालात काढलाय. ब्लॅकमोर दोन खेपांत मिळून साधारण सोळा वर्षं बँडमध्ये होता. गिटारवादक स्टीव्ह मोर्स १९९४ ला आला तो २०२२ पर्यंत राहिला. म्हणजे अठ्ठावीस वर्षं. या काळात 'पर्पेंडिक्युलर' (१९९६) आला, 'नाऊ व्हॉट' (२०१३) आला, 'इन्फिनिट' (२०१७) आणि 'वूश' (२०२०) आले. यातला एकही अल्बम जुन्या गाण्यांची नक्कल नाही.

ज्यांनी काहीच ऐकलं नसेल त्यांनी 'सम्टाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग' ऐकावं. सुरुवातीला गिटार अगदी हळू, एकेक स्वर सुटा. गायक गिलन खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा गातो. मग गाणं उघडतं आणि शेवटी मोर्सची गिटार जे गाते ते ऐकून 'हा बँड संपला' म्हणायची माझी तरी छाती होणार नाही.

तुमचं काय मत? आणि आज कुणी नव्याने ऐकायला बसला तर त्याच्या हातात कुठला अल्बम द्याल?

आगोंदचा_वारा

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी येतो.

मार्क_टू

असहमत, आणि पूर्ण असहमत.

वर्षं मोजून मोठेपण ठरत नाही, कुर्टीकर. जून १९७० ते डिसेंबर १९७२ बघा. 'इन रॉक', 'फायरबॉल', 'मशीन हेड' आणि 'मेड इन जपान'. अडीच वर्षांत चार अल्बम. गिलन, बेसवर ग्लोव्हर, ब्लॅकमोर, ऑर्गनवर लॉर्ड, ड्रमवर पेस या पाच जणांनी त्या अडीच वर्षांत जे करून ठेवलं त्यावर पुढचं सगळं हार्ड रॉक उभं आहे. त्या अडीच वर्षांपुढे तुमच्या अठ्ठावीस वर्षांचं पारडं मला हलकं वाटतं.

मोर्स निष्णात वादक आहे, वादच नाही. हात इतका स्वच्छ की एक स्वर इकडचा तिकडे होत नाही. पण माझी तक्रार नेमकी तीच आहे. 'मेड इन जपान' मधला ब्लॅकमोर ऐकताना पुढच्या क्षणी हा काय करेल याची खात्री नसते. कधी थांबेल, कधी तार ओरबाडेल, कधी लॉर्डला मध्येच तोडेल. ती धाकधूक म्हणजे डीप पर्पल. मोर्स आल्यावर बँड सुखी झाला, हे सगळे सांगतात. सुखी झाला म्हणून थोर राहिला असं होत नाही.

हॅमंड_वेडा

दोघेही गिटारवरच अडकलात. या बँडचा आत्मा जॉन लॉर्ड होता. माझ्या लेखी खरी फाळणी १९९३ ची नाही, २००२ ची आहे, जेव्हा लॉर्ड बाहेर पडला.

त्याने काय केलं बघा. हॅमंड ऑर्गन म्हणजे देवळासारख्या शांत जागी शोभणारं वाद्य. त्याने तो मार्शल अॅम्प्लिफायरमधून काढला. गिटारच्या अॅम्पमधून ऑर्गन! त्यामुळे त्याचा आवाज गुरगुरतो, फाटतो, गिटारच्या अंगावर जातो. 'स्मोक ऑन द वॉटर' ची ती प्रसिद्ध रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी सुरावट, लोक गिटारची समजतात. नीट ऐका. पहिली गिटार एकटी येते, मग झांज, मग लॉर्डचा ऑर्गन तीच रिफ घेऊन खालून शिरतो आणि तिथे त्या आवाजाला वजन येतं. गिटारवाल्या पोरांनी कितीही जोर लावला तरी ते वजन एकट्या गिटारला येत नाही, कारण तो आवाज दोघांचा आहे.

मी मडगावात भजनाला आणि नाट्यपदांना पेटीची साथ करतो. साथ म्हणजे मागे राहणं, असं आम्हाला शिकवलेलं. लॉर्ड ऐकल्यावर कळलं की साथ करणारा बरोबरीने भांडूही शकतो आणि तरी गाणं मोडत नाही.

तिळारी

वाचतेय. धागा मस्त चाललाय.

पण एका माणसाचं नाव अजून कुणीच नीट घेतलं नाही. इयन पेस. १९६८ पासून आजपर्यंत प्रत्येक संचात असलेला एकमेव माणूस. गायक बदलले, गिटारवाले बदलले, बेसवाले बदलले, ऑर्गनवाला बदलला, ड्रमवर मात्र तोच. तेव्हा 'खरं डीप पर्पल कुठलं' याचं माझं उत्तर सोपं आहे : जिथे पेस वाजवतोय ते.

मी डिचोलीत ड्रम शिकते आणि डावखुरी आहे. सगळे शिक्षक सांगतात, उजव्या हाताने वाजवायची सवय कर, स्टेजवर दर वेळी किट उलटं कोण लावून देणार. पेस डावखुरा. त्याचं किट आरशात बघितल्यासारखं लावलेलं असतं. त्याच्या चित्रफिती बघून मी माझं किट तसंच लावलं. आता शिक्षकही काही म्हणत नाहीत.

त्याची दुसरी गंमत म्हणजे हा माणूस हार्ड रॉक वाजवतो पण त्याच्या मनगटात जॅझ आहे. बहुतेक आयुष्य एकाच बेस ड्रमवर काढलंय. 'फायरबॉल' या गाण्यात मात्र दोन वापरले. आणि त्या गाण्याच्या सुरुवातीचा तो घर्रर्र आवाज माहितेय कसला? एसी चालू केल्याचा.

सायलेन्सर

एसीचा? इतकी वर्षं मी ते काहीतरी भारी यंत्र समजत होतो. तिळारीबाय, या माहितीसाठी एक सोलकढी लागू.

शुक्रवारचा_बाजार

या वादाला आमच्या पिढीची एक बाजू आहे, ती सांगतो.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे अल्बम 'अल्बम' म्हणून येतच नव्हते. हणजुणेला राहिलेल्या परदेशी पाहुण्यांकडच्या रेकॉर्डी कुणीतरी कॅसेटवर उतरवायचा, त्या कॅसेटची कॅसेट म्हापशात फिरायची. माझ्याकडे एक नव्वद मिनिटांची होती. एका बाजूला 'मशीन हेड', दुसऱ्या बाजूला 'बर्न'. वर बॉलपेननं फक्त 'डी. पी.' लिहिलेलं. एका बाजूला गिलन गातोय, दुसऱ्या बाजूला कव्हरडेल आणि ह्यूज, याचा आम्हाला पत्ताच नव्हता. बँडच्या एकेका संचाला मार्क वन, मार्क टू, मार्क थ्री म्हणतात ही भानगड खूप नंतर कळली. आमच्यासाठी तो एकच बँड होता, आणि दोन्ही बाजू सारख्याच झिजल्या.

तेव्हा मार्क_टू, माणसं बदलली की बँड संपतो हे मला पटत नाही. 'बर्न' (१९७४) मध्ये गायक नवा, बेस नवा. तरी ते पर्पल आहे हे तुम्हीही मान्य कराल. मग १९९६ मध्ये गिटार नवी आली तर एवढा आकांत का?

दुसरं. मी त्यांना प्रत्यक्ष ऐकलंय. एप्रिल १९९५, मुंबई, अंधेरीचं क्रीडा संकुल. कोकण रेल्वे तेव्हा पूर्ण झाली नव्हती. आम्ही पाचजण रात्रीच्या बसने गेलो, आणि निघताना माझ्या मोठ्या भावाने सांगितलं होतं, "ब्लॅकमोर नाही, कशाला पैसे घालवतोस." स्टीव्ह मोर्स हे नाव आमच्यापैकी एकालाच ठाऊक होतं. 'पर्पेंडिक्युलर' बाजारात यायला अजून दहा महिने होते, पण त्यातलं काही तिथे वाजलं. जे गाणं कुणालाच माहीत नाही त्याला एवढं मोठं मैदान गप्प बसून ऐकतं हे मी तिथे पाहिलं. 'चाइल्ड इन टाइम' ला माझ्या शेजारचा अनोळखी माणूस रडत होता. आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर जे डीप पर्पल उभं राहिलं ते मोर्सचं. ब्लॅकमोरचं आम्ही कॅसेटवर ऐकलं.

कुर्टीकर

शुक्रवारचा_बाजार, तुमच्या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण 'बॉम्बे कॉलिंग' या नावाने आलेलं आहे, हे इतरांसाठी सांगतो. मिळालं तर जरूर ऐका.

आणि त्या नावाला एक जुना धागा आहे. 'चाइल्ड इन टाइम' चा ऑर्गनवरचा आरंभ ज्या चालीवरून सुचला ती 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडची 'बॉम्बे कॉलिंग' नावाची रचना, १९६९ ची. लॉर्ड ती चाल गंमत म्हणून वाजवत बसला होता, त्यातून हे दहा मिनिटांचं गाणं उभं राहिलं. डीप पर्पलने पंचवीस वर्षांनी मुंबईत येऊन ते गावं, याचा मला फार आनंद होतो.

मार्क_टू

'बर्न' पर्पल आहे, मान्य. पण तिथे ब्लॅकमोर होता! तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. :)

आणि 'चाइल्ड इन टाइम' चा विषय निघालाच आहे तर तेही बोलू. २००२ नंतर त्यांनी ते गाणं मैफलीत गाणं सोडून दिलं. ज्या गाण्याने गिलनला गिलन केलं ते गाणंच गाता येत नसेल तर त्या बँडने थांबायला हवं होतं की नाही? मला याचा राग नाही, दुःख आहे. ज्याच्या त्या किंकाळ्यांनी आपण मोठे झालो, त्याला पन्नाशीनंतर त्या स्वरांभोवती चाचपडताना ऐकणं माझ्याच्याने होत नाही.

केरी_फोंडा

मी रॉकवाली नाही. मुलामुळे हे सगळं घरात ऐकू येतं आणि काही काही आवडतंही. मी ख्याल शिकवते. पण मार्क_टू यांच्या शेवटच्या परिच्छेदावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

वयाबरोबर आवाज उतरतो, हे आमच्याकडे कुणी लपवत नाही. तार सप्तक आखडतं, दमसास कमी होतो. पण चांगला गवई तिथे थांबत नाही. तो पट्टी खाली घेतो आणि जे पूर्वी ताकदीने करत होता ते लगावाने करतो. शब्द कुठे सोडायचा, स्वर किती वेळ धरायचा, कुठे नुसतं सुचवून पुढे जायचं, हे साठीनंतर जास्त कळतं. मुलाने मला 'पर्पेंडिक्युलर' आणि नंतर 'इन्फिनिट' ऐकवला. हा गिलन नावाचा माणूस तिथे त्याच्या खऱ्या, मधल्या आवाजात गातो. तरुणपणीची ती किंकाळी मी ऐकली, थक्क झाले. पण मी माझ्या विद्यार्थ्यांना उदाहरण द्यायचं झालं तर नंतरच्या गिलनचं देईन. आपल्या आवाजात आता काय उरलंय हे ओळखून त्यातच नवं बांधणं अवघड असतं.

'चाइल्ड इन टाइम' गाणं सोडलं हेही मला योग्यच वाटतं. जे झेपत नाही ते कसंबसं ओढून श्रोत्यांची दाद घेण्यापेक्षा ते बाजूला ठेवणं हा त्या गाण्याचा मान आहे.

हॅमंड_वेडा

केरीताई, _/\_ . हा प्रतिसाद मी जतन करून ठेवतोय.

सायलेन्सर

रॉकच्या धाग्यावर ख्यालाचा प्रतिसाद सगळ्यात भारी. गोव्याबाहेर असं घडणं कठीण!

तिळारी

केरीताई, तुमचं नाव बघून एक आठवलं. तुमच्या केरीच्या केसरबाई केरकर. त्यांची भैरवी 'जात कहाँ हो' १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर पाठवलेल्या सोन्याच्या तबकडीवर आहे. ती अजून पुढे पुढे जातेच आहे.

आणि अवकाशाशी डीप पर्पलचंही नातं आहे, धाग्याच्या विषयाला धरूनच सांगते. कल्पना चावला या बँडची चाहती होती. कोलंबिया यानाच्या मोहिमेत असताना बँडशी तिचा ईमेलवर पत्रव्यवहार चालू होता. तिने बरोबर तीन सीड्या नेल्या, त्यातल्या दोन डीप पर्पलच्या. एक 'मशीन हेड', ती कुणीही ओळखेल. दुसरी 'पर्पेंडिक्युलर'. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया कोसळलं. बातमी आली तेव्हा मोर्सने एक छोटी वाद्यरचना लिहायला घेतली. 'कॉन्टॅक्ट लॉस्ट'. 'बनानाज' या अल्बमची ती शेवटची रचना आहे, आणि तिच्या मानधनाची रक्कम त्याने त्या अंतराळवीरांच्या कुटुंबांना दिली.

जिला आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या प्रवासाला मोजक्या सीड्या न्यायच्या होत्या, तिने १९७२ चा एक आणि १९९६ चा एक नेला. माझ्यासाठी वाद तिथेच मिटतो.

शुक्रवारचा_बाजार

हे माहीत नव्हतं. अंगावर काटा आला. 'कॉन्टॅक्ट लॉस्ट' आत्ता लावतो.

आगोंदचा_वारा

रुमाल उचलायला आलो तर इथे वीस पानांचं काम झालंय. तिळारीला अनुमोदन. एकच भर घालतो.

२०१६ मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. कुणाकुणाला? ब्लॅकमोर, लॉर्ड, पेस, गिलन, ग्लोव्हर, पहिला गायक रॉड एव्हन्स, कव्हरडेल आणि ह्यूज. त्या वेळी बावीस वर्षं गिटार वाजवणारा स्टीव्ह मोर्स त्यात नाही. चौदा वर्षं कीबोर्ड वाजवणारा डॉन एअरी नाही. ब्लॅकमोर सोहळ्याला आलाच नाही. जो आला नाही त्याचा सन्मान झाला, जो रोज कामावर होता त्याचा झाला नाही. कुर्टीकर म्हणतो ते 'न ऐकताच निकालात काढणं' फोंड्यातच होतं असं नाही, तिकडेही तेच.

मार्क_टू

मोर्स आणि एअरीला घ्यायलाच हवं होतं. यावर वाद नाही. माझं म्हणणं संगीताबद्दल आहे, सन्मानाबद्दल नाही.

शॅकमधला_गिटारवाला

मी कांदोळी-कळंगुट पट्ट्यात सीझनभर वाजवतो, नोव्हेंबर ते मार्च. या विषयावर रोज रात्री जनमत चाचणी होते माझी. 'स्मोक ऑन द वॉटर' ची फर्माईश नाही अशी रात्र विरळा.

तर रिफबद्दल थोडं, कारण निम्म्या गोव्यातली पोरं ती चुकीची वाजवतात. डी आणि जी या दोन तारा. दोन्ही मोकळ्या, मग तिसरा पडदा, मग पाचवा. बोट आडवं, दोन्ही तारा एकदम. आता खरा मुद्दा : पोरं ती पिकने, म्हणजे तार छेडायच्या चकतीने, वाजवतात. पिक वरून खाली येताना आधी एक तार लागते, मग दुसरी. फरक केसाएवढा असतो पण ऐकू येतो, आवाज खरवडल्यासारखा होतो. ब्लॅकमोर पिक वापरत नाही, दोन बोटांनी दोन्ही तारा एका वेळी खेचतो. दोन स्वर एकाच क्षणी सुटतात आणि ठोका पडल्यासारखा पडतो. करून बघा, लगेच कळेल. आणि डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचं फाटणं, वाटतं त्यापेक्षा कमी ठेवा. राहिलेली घाण हॅमंड_वेडा म्हणतात तसं ऑर्गनने करायची असते.

आता धाग्याचा प्रश्न. नंतरची गाणी कोण मागतं? जर्मन पाहुणे. 'नाऊ व्हॉट' जर्मनीत पहिल्या क्रमांकावर होता, तिथे हा बँड आजही जिवंत आहे. एका हिवाळ्यात एक वयस्क जर्मन जोडपं रोज येऊन 'अंकॉमन मॅन' मागायचं. मी बसवलं ते गाणं. आमच्याकडे ऑर्गन नाही, कीबोर्डवाल्या पोराने जमेल तेवढं केलं. जॉन लॉर्ड २०१२ च्या जुलैमध्ये गेला, ते गाणं त्याच्यासाठी आहे. बाईंनी वाजवून झाल्यावर येऊन माझा हात धरला, बोलल्या काहीच नाहीत.

आपल्याकडचा श्रोता मात्र 'स्मोक', 'हायवे स्टार', झालंच तर 'सोल्जर ऑफ फॉर्च्यून'. त्यापुढे नाही. मी दर रात्री एक तरी नंतरचं गाणं मुद्दाम वाजवतो, कुणी मागो न मागो.

हॅमंड_वेडा

गिटारवालेबाब, 'घाण करायची असते' हे लॉर्डला आवडलं असतं.

लॉर्डच्या नंतरच्या कामाबद्दल एक गोष्ट राहिली. १९६९ मध्ये त्याने 'कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा' लिहिला. रॉयल अल्बर्ट हॉल, माल्कम अर्नोल्ड संचालनाला, रॉक बँड आणि सिंफनी वाद्यवृंद समोरासमोर. पुढे त्याची स्वरलिपीच हरवली. तीस वर्षं ते परत वाजवणं शक्य नव्हतं. मग मार्को दे खूय नावाच्या एका तरुण डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण ऐकून, चित्रफीत बघून, एकेका वाद्याचा भाग कानाने उतरवून काढला आणि लॉर्डच्या हातात आणून दिला. लॉर्डने त्यावर हात फिरवला आणि १९९९ मध्ये त्याच हॉलमध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर ते पुन्हा उभं राहिलं. गिटारवर मोर्स.

दोन्ही ध्वनिमुद्रणं एकामागून एक ऐका. १९६९ चं तरुण आहे, बँड आणि वाद्यवृंद एकमेकांकडे संशयाने बघताहेत. १९९९ चं ऐकताना दोन्ही बाजू एकमेकांचं ऐकताहेत असं वाटतं. मार्क_टू, इथे तरी मोर्स कमी पडला असं म्हणू नका. वाद्यवृंदासमोर तो स्वच्छ हातच लागतो, ब्लॅकमोरची धाकधूक तिथे दुसऱ्या दिशेला खेचते.

मार्क_टू

ते १९९९ चं मी ऐकलेलं आहे आणि मला आवडतं. आता माझा शेवटचा मुद्दा, मग मी थांबतो.

मी नंतरचं वाईट म्हणत नाही. 'पर्पेंडिक्युलर' मला पाठ आहे. 'वूश' च्या शेवटी त्यांनी 'अँड द अॅड्रेस' पुन्हा वाजवलं, १९६८ च्या पहिल्या अल्बमची पहिली रचना, तेव्हाही माझ्या डोळ्यांत पाणी होतं. माझा आग्रह एवढाच की ज्याला हा बँड का महत्त्वाचा हे समजून घ्यायचंय त्याने आधी आग बघावी. स्वित्झर्लंडमधल्या मॉन्त्रोचं ते कॅसिनो ४ डिसेंबर १९७१ ला फ्रँक झॅपा या अमेरिकन संगीतकाराच्या कार्यक्रमात जळालं, यांची ध्वनिमुद्रणाची जागाच गेली, मग हंगामाबाहेर बंद पडलेल्या ग्रँड हॉटेलात मार्गिकांमध्ये गाद्या लावून, बाहेर रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ उभा करून काही आठवड्यांत 'मशीन हेड' झाला. इतक्या अडचणीत इतकं नेमकं काम पुन्हा त्यांच्याकडूनही झालं नाही. नंतरचे अल्बम कसबी लोकांनी निवांतपणे केलेले उत्तम अल्बम आहेत. 'मशीन हेड' ची निकड त्यांत नाही.

केरी_फोंडा

निकड तरुणांची असते, मार्क_टू. निवांतपणा कमवावा लागतो. मला दोन्ही हवेत.

कुर्टीकर

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिलाच. नव्या माणसाच्या हातात काय द्यायचं?

तिळारी

मी देईन 'मेड इन जपान' आणि लगेच 'पर्पेंडिक्युलर'. मध्ये काही नाही. एकाच बँडचे दोन स्वभाव सलग ऐकू दे.

शुक्रवारचा_बाजार

'मशीन हेड' आणि 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' (१९८४). आठ वर्षं बँड बंद होता आणि परत आला तो असा, हे कळलं की पुढचं आपोआप ऐकावंसं वाटतं.

शॅकमधला_गिटारवाला

गिटार शिकणारा असेल तर 'इन रॉक'. शिकणारा नसेल, नुसता ऐकणारा असेल, तर 'नाऊ व्हॉट'. निर्माता बॉब एझ्रिनने त्यांना स्टुडिओत मोकळं वाजवू दिलंय. पहिलं गाणं हळू सुरू होतं, धीर धरा. एअरीचा ऑर्गन शिरतो तिथून पुढे खुर्चीत बसवत नाही.

हॅमंड_वेडा

'नाऊ व्हॉट' ला माझंही मत. २००२ ला माझ्यासाठी फाळणी झाली असं मी वर म्हणालो, ते तसंच आहे. पण एअरी लॉर्डची जागा बळकावत नाही, ती राखतो. 'वूश' मधलं 'नथिंग अॅट ऑल' ऐका. गिटार आणि कीबोर्ड बाखच्या थाटात एकमेकांचं वाक्य पूर्ण करतात.

सायलेन्सर

आणि ताजं? २०२४ चा '=१' कुणी ऐकला का? मोर्सने पत्नीच्या आजारपणामुळे बँड सोडला आणि बेलफास्टचा सायमन मॅकब्राइड आला. मला तर त्यात ब्लॅकमोरच्या वळणाचा खडबडीतपणा परत आल्यासारखा वाटला. 'पोर्टेबल डोअर' ऐकताना ऑर्गन आणि गिटार परत अंगावर येतात.

मार्क_टू

ऐकलाय. 'पोर्टेबल डोअर' बद्दल सहमत. त्या रिफमध्ये धाकधूक आहे.

आगोंदचा_वारा

मार्क_टू २०२४ च्या गाण्याला सहमत झाले, तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी!

शॅकमधला_गिटारवाला

'पोर्टेबल डोअर' मी बसवतोय. नोव्हेंबरात सीझन सुरू झाला की वाजेल. हॅमंडबाब, मडगावहून कळंगुट फार लांब नाही, तुमचा कीबोर्ड घेऊन या. मार्शल माझ्याकडे आहे.

हॅमंड_वेडा

चतुर्थीनंतर भजनाचे कार्यक्रम आटोपले की मोकळा. कुठल्या पट्टीत घेताय ते व्यक्तिगत निरोपात कळवा.

तिळारी

ड्रमवर कोण आहे? किट उलटं लावायची तयारी असेल तर मी येते.